‘क्षेपणास्त्र’ कशाला म्हणायचे आणि कशाला नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गायडेड मिसाइलसाठी मराठीत क्षेपणास्त्र, मार्गदर्शित क्षेपणास्त्र, प्रक्षेपणास्त्र आणि अग्निबाण असे चार शब्द वाचायला मिळतात. यांतला बरोबर कोणता? सोबत भाषांतराच्या परीक्षेतले तुमचे एक वाक्यही दिले आहे: ‘मार्गदर्शित क्षेपणास्त्र विनाशकाद्वारे ५०० किमी मारक क्षमता असलेली दोन समुद्रपर्यटन क्षेपणास्त्रे डागण्यात आली, ज्यापैकी एक अडवले गेले व दुसरे लक्ष्यावर आदळले.’ यात गुण का कापले, हे तुम्हाला कळत नाही.

वृत्तपत्राच्या डेस्कवर अठ्ठावीस वर्षे काढली. त्यातली बरीचशी रात्रपाळीत, एजन्सीच्या इंग्रजी बातम्यांचे मराठी करण्यात. १९९१ च्या आखाती युद्धात मी अगदी नवखी होते आणि तेव्हापासून हा शब्द पाठीशी लागला, तो सुटला नाही. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. तुमचे वाक्य शेवटी घेऊ.

आधी एक गंमत. आमच्याकडे एक शिकाऊ मुलगा होता, हुशार, पण घाईचा. युरोपातल्या कुठल्याशा फुटबॉल सामन्यात दंगल झाल्याची बातमी त्याच्याकडे आली. इंग्रजीत लिहिले होते की प्रेक्षकांनी पोलिसांवर ‘मिसाइल्स’ फेकली. त्याने मराठी केले: ‘संतप्त प्रेक्षकांनी पोलिसांवर क्षेपणास्त्रे डागली. चार जण किरकोळ जखमी.’ किरकोळ जखमी! क्षेपणास्त्र डागल्यावर माणूस किरकोळ जखमी कसा होईल, हा प्रश्न त्याला पडला नाही. मला पडला, म्हणून ती ओळ छापून गेली नाही. तिथे प्रेक्षकांनी बाटल्या, नाणी, मोडक्या खुर्च्यांचे तुकडे फेकले होते.

पण त्या मुलाची चूक पूर्णपणे चूक नव्हती, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगले. मिसाइल हा शब्द लॅटिनमधल्या ‘पाठवणे, सोडणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला. मिशन आणि मिशनरी हे त्याच घरातले. मिसाइल म्हणजे मुळात फेकता येईल असे काहीही, मग तो दगड असो की भाला. इंग्रजी पोलिसी भाषेत तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. विसाव्या शतकात उडता उडता वळणारे अस्त्र आले, तेव्हा साध्या फेकीच्या वस्तूपासून वेगळे दाखवायला त्यांनी आधी ‘गायडेड’ लावले. पुढे लोकांना ओळख झाली आणि नुसत्या मिसाइलवर भागू लागले.

मराठीत काय झाले बघा. क्षिप् म्हणजे फेकणे. आक्षेप, निक्षेप, संक्षेप, विक्षिप्त ही सगळी त्याच धातूची पिलावळ. क्षेपण म्हणजे फेकण्याची क्रिया. (त्यातला ण हा क्ष मधल्या ष मुळे झालेला आहे, म्हणून ‘क्षेपनास्त्र’ लिहू नका, असे लिहिलेले मी पाहिले आहे.) आता अस्त्र. शस्त्र आणि अस्त्र आपण जोडीने म्हणतो, ‘शस्त्रास्त्रे’, आणि फरक विसरतो. शस्त्र हातात धरून चालवायचे: तलवार, कट्यार, गदा. अस्त्र हातातून सोडायचे. अस्त्र हा शब्दच ‘फेकणे’ या अर्थाच्या अस् धातूपासून आला आहे. म्हणजे क्षेपण अधिक अस्त्र याचा शब्दशः अर्थ ‘फेकायचे फेकण्याचे हत्यार’. दोनदा फेकले, आणि नेम धरण्याबद्दल, वळण्याबद्दल, पाठलाग करण्याबद्दल एक अक्षर नाही! व्युत्पत्तीच्या हिशेबाने शेतातल्या माळ्यावरून पाखरांवर भिरकावलेला गोफणगुंडासुद्धा क्षेपणास्त्रच. अग्निपुराणातल्या धनुर्वेदाच्या भागात हत्यारांची वर्गवारी आहे: यंत्राने सोडायची ती यंत्रमुक्त, हाताने फेकायची ती पाणिमुक्त, फेकून परत घेता येणारी मुक्तसंधारित, हातातून न सुटणारी अमुक्त, आणि शेवटी नुसते बाहुयुद्ध. त्यात यंत्रमुक्ताच्या उदाहरणात धनुष्याच्या जोडीला क्षेपणी येते. क्षेपणी म्हणजे आपली गोफण.

तर मुद्दा हा की क्षेपणास्त्राचा आजचा अर्थ त्याच्या फोडीत सापडत नाही, तो वापराने भरला आहे. मराठी वाचकाच्या मनात हा शब्द ऐकल्यावर गोफण येत नाही. शेपटीतून धूर सोडत जाणारे, स्वतःची वाट सुधारत जाणारे अस्त्र येते. ‘गायडेड’ हा अर्थ त्यात आधीच मुरला आहे. म्हणून रोजच्या लेखनात ‘मार्गदर्शित क्षेपणास्त्र’ लिहायची गरज नाही. मला तर तो शब्द वाचला की क्षेपणास्त्राला कोणीतरी करिअर मार्गदर्शन केले आहे असेच वाटते. अधिकृत नावात मात्र ठेवावा लागतो. १९८३ साली मंजूर झालेला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखालचा कार्यक्रम ‘एकात्मिक मार्गदर्शित क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम’ असाच लिहितात, कारण ते नाव आहे आणि नावात आपण हात घालत नाही. एरवी मार्गदर्शन असल्याचे मुद्दाम सांगायचे असेल, म्हणजे मार्गदर्शन नसलेल्या रॉकेटाशी तुलना चालू असेल, तर ‘नियंत्रित’ हा शब्द कमी खटकतो.

हे मार्गदर्शन कशाने होते, तेही थोडे सांगते. ते न कळता मराठी करायला बसले की शब्द घसरतात. काही क्षेपणास्त्रे आपल्याच पोटातल्या उपकरणांवर विसंबतात. किती वेगाने निघालो, कुठे वळलो, किती वेळ झाला, याचा हिशेब आतल्या आत चालतो; बाहेरच्या कोणाला विचारायचे नाही. भारताचे ‘पृथ्वी’ या जातीचे. काहींना जमिनीवरून हुकूम जातात: रडार शत्रूचे विमान बघते, गणित करते, डावीकडे घे, वर घे, असे सांगते. ‘आकाश’चे तसे आहे. काही लक्ष्य स्वतः शोधतात. ‘नाग’ रणगाड्याची उष्णता ‘बघतो’ आणि तिच्यावर जातो. एकदा सोडला की सोडणाऱ्याने तिथे थांबायची गरज नाही. काही प्रकाशाच्या मागे जातात. सप्टेंबर २०२० मध्ये अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, के. के. रेंजवर ‘अर्जुन’ रणगाड्यातून लेझरच्या खुणेवर जाणारे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र सोडून बघितले. मुख्यतः पुण्याच्या संशोधन संस्थांचे काम होते ते. आणि काही चक्क तारेला बांधलेली. ‘मिलन’ हे फ्रान्स आणि जर्मनीने मिळून घडवलेले आणि हैदराबादेत बनवले जाणारे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र उडताना मागे बारीक तार सोडत जाते आणि त्या तारेतून त्याला हुकूम मिळतात. मिलन हे फ्रेंच शब्दांच्या आद्याक्षरांचे नाव आहे, आणि फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थ घार. एका नवख्याने हे नाव ‘भेट’ या अर्थाने घेऊन रणगाड्याच्या ‘मिलना’चे शीर्षक केले होते. शीर्षक चांगले होते, पण गेले नाही.

आता ‘प्रक्षेपणास्त्र’. हिंदीत ‘प्रक्षेपास्त्र’ चालतो, तिथून तो आपल्याकडे डोकावतो. व्याकरणाने त्यात काही वाईट नाही. पण मराठीत ‘प्रक्षेपण’ला दोन नोकऱ्या आधीच लागलेल्या आहेत. एक, क्रिकेट सामन्याचे थेट प्रक्षेपण. दुसरी, उपग्रहाचे प्रक्षेपण. तिसरी लावली तर ‘प्रक्षेपणास्त्राच्या प्रक्षेपणाचे थेट प्रक्षेपण’ असे वाक्य एक दिवस नक्की वाचायला मिळेल. म्हणून क्षेपणास्त्रच बरे.

‘अग्निबाण’बद्दल मला थोडे हळवे व्हायचे आहे. हा शब्द भाषांतरातून आलेला नाही, मराठीने जगून मिळवलेला आहे. जुन्या मराठी कागदपत्रांत लढाईच्या वर्णनात ‘बाण’ येतो तो पुष्कळदा धनुष्याचा नसतो, दारूचा असतो: नळीत दारू ठासलेला, मागून पेटवून सोडायचा. हैदर आणि टिपूच्या म्हैसूरकरांनी त्याला लोखंडी नळी दिली आणि इंग्रजांनी १७८० मध्ये कांचीपुरमजवळच्या पोल्लिलूरला त्याचा चांगलाच प्रसाद खाल्ला. इंग्लंडात पुढे विल्यम काँग्रीव्ह या इंग्रजाची रॉकेटे झाली ती या बाणांवरून स्फुरलेली. दिवाळीत रिकाम्या बाटलीत काडी खोचून आपण जो उडवतो त्याला आमच्या लहानपणी बाणच म्हणायचे; रॉकेट म्हणणारी मुले इंग्रजी शाळेतली. आणि तो बाण शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या धुण्यात शिरला की मार्गदर्शन नसणे म्हणजे काय ते सगळ्या वाड्याला कळायचे.

इथेच रेघ आहे. बाण, अग्निबाण, रॉकेट हे शब्द ढकलणाऱ्या शक्तीबद्दल बोलतात: मागून वायू बाहेर पडतो, वस्तू पुढे जाते. क्षेपणास्त्र हा शब्द हत्याराबद्दल बोलतो. दोन्ही वर्तुळे एकमेकांत शिरलेली आहेत, पण एकच नाहीत. उपग्रह सोडणारा पीएसएलव्ही हा अग्निबाण आहे, त्याला मार्गदर्शन करणारी यंत्रणाही असते, पण तो हत्यार नाही. त्याला क्षेपणास्त्र म्हणता येत नाही. उलट पुष्कळशी क्रूझ क्षेपणास्त्रे वाटेतला प्रवास जेट इंजिनावर करतात, म्हणून त्यांना अग्निबाण म्हणता येत नाही. आणि ‘पिनाक’ मध्येच उभा आहे. पुण्याच्या पाषाणमधल्या संस्थेत घडलेली ही यंत्रणा ४४ सेकंदांत १२ रॉकेटे सोडते. कारगिलच्या युद्धात ती वापरली गेली तेव्हा ती रॉकेटे निव्वळ रॉकेटे होती, जिकडे नळीचे तोंड, तिकडेच जाणारी. नंतर त्यांना वाट सुधारायची यंत्रणा आणि वळणारे पंख बसवले. मग ते क्षेपणास्त्र झाले का? कामावरून म्हणाल तर हो, पण लष्कर त्याला ‘गायडेड रॉकेट’च म्हणते, म्हणून मी ‘नियंत्रित रॉकेट’ लिहीन. बातमीत वस्तू वापरणाऱ्याचे नाव मोडू नये. आणि हो, ‘पिनाका’ नव्हे, पिनाक. शंकराच्या धनुष्याचे नाव ते. पिनाकपाणी म्हणतो ना आपण? इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटच्या ए ने आपल्या देवाच्या धनुष्याला काना दिला आहे.

अवकाशाच्या बातम्यांत मी वर्षानुवर्षे ‘अग्निबाण’ लिहिला. आता तिथेही सावध राहावे लागते, कारण चेन्नईच्या एका खासगी कंपनीने आपल्या रॉकेटाचे नावच अग्निबाण ठेवले आहे आणि मे २०२४ मध्ये ते श्रीहरिकोट्याहून उडालेही. ‘अग्निबाण हा अग्निबाण’ लिहायची पाळी आली. सर्वसाधारण अर्थाने तिथे ‘प्रक्षेपक’ वापरते.

नावांची ही अडचण आमच्याकडे नेहमीचीच. हवेतून हवेत मारा करणाऱ्या एका भारतीय क्षेपणास्त्राचे नाव ‘अस्त्र’. म्हणजे ‘अस्त्र क्षेपणास्त्र’. एकेरी अवतरणचिन्ह विसरलात की वाक्य कोसळले. ११ मार्च २०२४ रोजी एकाच ‘अग्नी-५’वरून अनेक स्फोटक शीर्षे वेगवेगळ्या लक्ष्यांकडे सोडण्याची चाचणी झाली, तिचे नाव ‘मिशन दिव्यास्त्र’. ‘ब्रह्मोस’ हे ब्रह्मास्त्रावरून आले असे निम्मा महाराष्ट्र मानतो. ते ब्रह्मपुत्रा आणि मॉस्कोची मस्कवा या दोन नद्यांच्या नावांतून जुळवले आहे. लिहिताना ब्रह्मोस, ‘ब्राह्मोस’ नाही. ‘अग्नी’बद्दल भांडण कायमचे: अग्नि की अग्नी? मराठीच्या नियमाने सुटा शब्द दीर्घ, म्हणून ‘अग्नी-५’. समासात पहिले पद असेल तर ऱ्हस्व, म्हणून अग्निबाण, अग्निशमन. एकाच बातमीत दोन्ही आले तरी चूक नाही, मुद्रितशोधकाला एवढे सांगून ठेवा म्हणजे तो ‘एकसारखे’ करत बसणार नाही.

शुद्धलेखनाचा विषय निघालाच आहे तर: क्षेपणास्त्र, त् सह. ‘क्षेपणास्र’ नाही. सहस्र या शब्दात त् नाही आणि लोक ‘सहस्त्र’ लिहून तो घालतात. अस्त्रात आहे आणि तिथून काढतात. अस्र हा वेगळाच संस्कृत शब्द आहे, त्याचा एक अर्थ रक्त, दुसरा अश्रू. क्षेपणास्त्राचा परिणाम म्हणून ते बरोबर असेल, शुद्धलेखन म्हणून नाही.

अस्त्र शब्दाची निवड मला तरीही फार शहाणी वाटते, त्याचे कारण महाभारतात आहे. तिथली अस्त्रे मंत्राने सोडायची, मंत्राने आवरायची. अश्वत्थाम्याने आणि अर्जुनाने ब्रह्मास्त्रे सोडली, ऋषी मध्ये पडले, अर्जुनाने आपले मागे घेतले. अश्वत्थाम्याला ते परत घेता येईना. मग त्याने सुटलेल्या अस्त्राचे लक्ष्य बदलले, पांडवांकडून काढून त्यांच्या स्त्रियांच्या गर्भांवर. सुटल्यानंतरही हुकूम ऐकणारे हत्यार, ही कल्पना म्हणजेच ‘गायडेड’. यावरून आपल्याकडे तेव्हा क्षेपणास्त्रे होती असे सिद्ध करायला कृपा करून जाऊ नका. कल्पना होती, आणि त्या कल्पनेला शब्द होता, म्हणून विसाव्या शतकात तो हाताशी आला. तेवढे पुरे.

आता प्रकार. तुमच्या ‘समुद्रपर्यटन क्षेपणास्त्रा’वर मी मनापासून हसले, रागावू नका. इंग्रजीत क्रूझ म्हणजे बोटीची सफर, हे खरे. पण क्रूझचा दुसरा अर्थ ठरावीक वेगाने, ठरावीक उंचीवर निवांत चालत राहणे. क्रूझ क्षेपणास्त्र विमानासारखे जाते: पंख, इंजिन, हवेचा आधार, जवळपास शेवटपर्यंत इंजिन चालू, शेवटपर्यंत वळायची सोय. बॅलिस्टिक अगदी उलटे. त्याला सुरुवातीला प्रचंड ढकलायचे, त्याच वेळी दिशा नीट करायची, इंजिन बंद. पुढचा बहुतेक प्रवास वर चढून कमानीने खाली येण्याचा, गुरुत्वाकर्षणाच्या हवाली. म्हणजे गोफणीचा दगडच, फक्त फार मोठ्या गोफणीचा. बॅलिस्टिक हा शब्द ग्रीकमधल्या ‘फेकणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला. रोमनांचे दगड फेकायचे यंत्र बॅलिस्टा. तेव्हा बॅलिस्टिक मिसाइलही शब्दशः ‘फेकायचे फेकण्याचे’च निघाले, आपल्या क्षेपणास्त्रासारखे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने १९४४ मध्ये लंडनवर दोन्ही प्रकार सोडले. व्ही-१ हे घरघरत येणारे, पंखांचे. इंजिनाचा आवाज थांबला की खाली येणार, हे लोकांना पाठ झाले होते. व्ही-२ आवाजापेक्षा वेगाने कमानीतून येई, त्यामुळे स्फोट आधी आणि त्याच्या येण्याचा आवाज नंतर. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले की क्रूझ आणि बॅलिस्टिक यांत कधी गल्लत होणार नाही.

या दोन शब्दांना मी मराठी प्रतिशब्द शोधत बसत नाही. ‘क्रूझ क्षेपणास्त्र’, ‘बॅलिस्टिक क्षेपणास्त्र’ रुळले आहेत. जिथे मराठी शब्द खणखणीत आहे तिथे मात्र सोडत नाही. रणगाडा, पाणबुडी, पाणसुरुंग, पाणतीर, उखळी तोफ यांच्यासमोर टँक, सबमरीन आणि टॉर्पेडो फिके वाटतात. सुपरसॉनिकला ‘स्वनातीत’ चांगला आहे, पण पहिल्यांदा वापराल तेव्हा ‘आवाजापेक्षा वेगवान’ असे लिहून टाका. ‘जमिनीवरून हवेत मारा करणारे’ ही लांबलचक रचना मला आवडते, कारण ती कोणालाही कळते. मथळ्यात बसत नाही, हा मथळ्याचा दोष.

‘क्षेपणास्त्रविरोधी क्षेपणास्त्र’ मात्र खरोखर घशात अडकणारे. १९९१ च्या जानेवारीत इराकची ‘स्कड’ इस्रायल आणि सौदी अरेबियावर पडत होती, आणि ती पाडायला अमेरिकेची ‘पेट्रियट’ उभी केलेली. पहिल्या रात्री मी मथळा केला: ‘क्षेपणास्त्रविरोधी क्षेपणास्त्राने क्षेपणास्त्र पाडले’. वृत्तसंपादकांनी ब्रोमाइडची, म्हणजे पानावर चिकटवायच्या छापील फोटोकागदाची, ती पट्टी हातात धरली, एकदा मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला, आणि ब्लेडने कापून खाली टाकली. नवा मथळा त्यांनीच सांगितला: ‘पेट्रियटने स्कड हवेतच टिपले’. टिपणे! शिकाऱ्याचा शब्द, पाखरू टिपतात तो. तेव्हापासून इंटरसेप्ट दिसले की मी आधी टिपले, पाडले, वाटेत अडवले, यांतले काय बसते ते बघते.

क्रियापदांवरच यातले अर्धे काम अवलंबून असते. ‘डागणे’ हा शब्द आपल्याला तोफेने दिला. तापलेल्या लोखंडाने डाग देणे हा मूळ अर्थ; तोफेच्या कान्यावर, म्हणजे दारू पेटवायच्या भोकावर, पेटती बत्ती टेकवायची, म्हणून तोफ डागली. क्षेपणास्त्राला बत्ती लागत नाही, बटण लागते, तरी डागतो आपण त्यालाही, आणि ते शोभते. पण डागण्यात हेतू असतो, समोर लक्ष्य असते. चाचणीत क्षेपणास्त्र ‘सोडतात’, ते ‘झेपावते’. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र पाकिस्तानच्या हद्दीत मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले, आणि ११ तारखेला संरक्षण मंत्रालयाने सांगितले की देखभालीच्या वेळी तांत्रिक बिघाडामुळे ते चुकून सुटले. मी तोवर निवृत्त झाले होते, पण घरी बातम्या वाचताना हात शिवशिवले. काही ठिकाणी ‘भारताने चुकून क्षेपणास्त्र डागले’ असे होते. चुकून आणि डागले एका वाक्यात नांदत नाहीत. ‘सुटले’ हेच क्रियापद. मराठीला सोडणे आणि सुटणे असा नेमका जोड दिलेला आहे, कुत्रे सोडणे वेगळे आणि सुटणे वेगळे. दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांच्या बातमीत हा फरक क्षुल्लक नाही.

लिंगाबद्दल एकच वाक्य: ते क्षेपणास्त्र, ती क्षेपणास्त्रे, आणि मिसाइल लिहिलेत तरी ते मिसाइल, ‘मिसाइल डागली गेली’ हे स्त्रीलिंग हिंदीतून आलेले आहे. अण्वस्त्राबद्दलही एक: क्षेपणास्त्र हे वाहन, अण्वस्त्र हे त्यावरचे ओझे, म्हणून ‘अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्र’. आणि मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी सगळ्यांना छळलेले ‘लॉइटरिंग म्युनिशन’, म्हणजे लक्ष्य सापडेपर्यंत आकाशात फिरत राहून मग त्यावर कोसळणारे. त्याला ड्रोन म्हणा, क्षेपणास्त्र म्हणू नका, आणि जागा असेल तर ‘घिरट्या घालून झडप घालणारे ड्रोन’ असे लिहा. घार हेच करते.

आता तुमचे वाक्य. ‘मार्गदर्शित क्षेपणास्त्र विनाशक’ यात वाचकाला वाटेल की ही नौका क्षेपणास्त्रांचा विनाश करते. इंग्रजीत तीन शब्द रांगेत उभे राहिले तरी कोण कोणाचे ते कळते, मराठीत नाते सांगावे लागते. डिस्ट्रॉयरला आपल्याकडे विनाशिका म्हणतात, नौका म्हणून स्त्रीलिंगी. माझगाव डॉकने बांधलेली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबईत नौदलात दाखल झालेली ‘आयएनएस विशाखापट्टणम’ ही अशीच विनाशिका. तिच्यावर क्षेपणास्त्रे आहेत, म्हणून ती ‘क्षेपणास्त्रसज्ज विनाशिका’. (मिसाइल बोट वेगळी. ती लहान आणि चपळ, तिला क्षेपणास्त्र नौका म्हणतात. डिसेंबर १९७१ मध्ये कराचीवर चालून गेल्या त्या या, आणि त्यांनी पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका बुडवली.) ‘मारक क्षमता’ म्हणजे किती हानी करू शकते ते, किती लांब जाते याला पल्ला म्हणतात. किलोमीटर आला की पल्ला, हे इतके सोपे असूनही वृत्तपत्रे रोज चुकतात, मीही चुकले आहे. ‘द्वारे’ आणि ‘डागण्यात आली’ कशासाठी? डागणारी समोर उभी आहे, तिला कर्ता करा. ‘ज्यापैकी’ हे इंग्रजी जोडकाम आहे. तिथे पूर्णविराम द्या. मी असे लिहीन:

‘क्षेपणास्त्रसज्ज विनाशिकेने ५०० किलोमीटर पल्ल्याची दोन क्रूझ क्षेपणास्त्रे डागली. एक वाटेतच टिपले गेले, दुसरे लक्ष्यावर आदळले.’